थांब्यावर पुरुष हवा

आमच्या तंजावुरात साध्या टाऊन बसला बायकांना टिकिटाचे पैसे नाहीत. सरकारनं दिलं, बरं केलं. पण त्या फुकटच्या बाईला गाडीत घ्यायचं की नाही, हे ड्रायव्हरच्या मर्जीवर. थांब्यावर नुसत्या बायका दिसल्या की तो मान वळवून गाडी दामटतो. म्हणून आम्ही एखादा पुरुष शोधून पुढं उभा करतो. वेष्टी, म्हणजे धोतर, दिसलं की ब्रेक लागतो. किळस येते मला या कारभाराची. आमचे शेजारी निवृत्त ड्रायव्हर आहेत. ते म्हणतात, डेपोत कलेक्शन किती ते विचारतात, बायका किती चढल्या ते कोण विचारतं? वर मलाच ऐकवतात, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. दात कसले मोजता, ही गाय दारात उभी राहीना!

गेल्या वर्षी एका सकाळी माझी धाकटी आत्या वारली. ती कालव्याकाठच्या गावात राहायची, थोरली आमच्याकडे. आतेभावाचा फोन आला की राहुकाळ लागायच्या आत उचलणार, भटजी थांबायला तयार नाहीत. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. घरी तोंड पाहिलं तर पाहिलं. आटोवाले तेवढ्या लांब यायला तयार होईनात, म्हणून थोरल्या आत्याला घेऊन मी थांब्यावर आले.

थांब्यावर आम्ही दोघी आणि एक भाजीवाली. पहिली गाडी तशीच गेली, दुसरीही गेली. आत्या दर वेळी हात वर करायची. तिसरीच्या वेळी कोणी एक माणूस धावत आला. त्याच्यासाठी गाडी थांबली, तीही पार पुढं जाऊन. मी पळत जाऊन दांडी धरली आणि म्हातारी येतेय, थांबा म्हणाले. कंडक्टर आतल्या कुणाला तरी म्हणाला, "ओसी." म्हणजे तमिळात फुकटी. शिट्टी वाजली, दांडी सुटली. आत्या अजून अर्ध्या वाटेतच होती.

शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा एक आटो मिळाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली. वाटभर मी तोच शब्द घोकत कंडक्टरला शिव्या घालत होते.

पोचलो तेव्हा बायकांनी घर धुऊन काढलं होतं. ओली फरशी पाहिली आणि आत्याला कळलं. ती उंबऱ्याशीच बसली. म्हणाली, "ओसी म्हणाला होय गं? ओस तर हे घर झालं."

परतताना आतेभाऊ आमच्यासाठी थांब्यावर पुढं उभा राहिला. गाडी अगदी पायाशी थांबली. कंडक्टर दुसराच होता, त्यानं मुकाट्यानं शून्य रुपयांचं टिकीट दिलं. आत्यानं कनवटीची नोट काढून त्याच्यापुढं धरली. बायकांना पैसे नाहीत आजी, तो म्हणाला.

"घे रे," आत्या तमिळात म्हणाली. "सकाळी कुणी पैसे घेतले असते, तर बहिणीचं तोंड दिसलं असतं."

नोट तशीच तिच्या हातात राहिली.

पुढच्या थांब्यावर तीन बायका हात दाखवत उभ्या होत्या. गाडी थांबली नाही.