गावाकडचं वल्हं

रोइंगमध्ये जायच्या दिशेला पाठ करून बसतात. त्यामुळे डावी बाजू बोटीची धरायची की आपली, यावर आमचे कोच आणि सीनियर मुलं रोज भांडायची. एका काठाला गाव होतं, समोरच्या काठाला द्राक्षबागा. बोटी पुसणारे काका म्हणायचे, "एक वल्हं गावाकडचं, एक द्राक्षांकडचं. काठ काय फिरत नाय." सगळे हसायचे. मीही हसले होते.

पहिल्यांदाच एकटी गेले आणि बोट गावाकडच्या खडकांकडे सरकू लागली. काठावरून कोच "लेफ्ट!" ओरडले, मुलं "राइट!" मी दोन्ही वल्ही पाण्याबाहेर उचलून धरली.

"पोरी, गावाकडचं ओढ!"

ओढलं. बोट वळली.

आता मी निघते तेव्हा तोंड काठाकडेच असतं. काका फडकं हलवत उभे दिसतात. माझ्या दोन्ही हातांत वल्ही असतात, म्हणून मी नुसती हसते.