मध्यंतरापर्यंतची मावशी

आमच्या मावशीनं जितके सिनेमे पाहिलेत तितके अख्ख्या अकोले तालुक्यानं मिळून पाहिले नसतील, आणि त्यातल्या एकाचाही शेवट तिनं पाहिला नव्हता. दोष तिचा नाही, व्यवस्थेचा आहे. तसं मी पत्रक छापून वाटलंय. संगमनेरच्या थिएटरात खेळ तीनचा. आमच्या डोंगराकडची मुक्कामी गाडी पाचला सुटायची, आणि तीच शेवटची. म्हणजे मध्यंतराचे दिवे लागले की मावशीनं पिशवी उचलायची. डोंगरातल्या माणसानं अर्धाच सिनेमा पाहावा, हे कुठल्या कायद्यात बसतं?

मावशीला त्याचा राग म्हणून नाही. तिची सगळी चौकशी तिकीट खिडकीवरच व्हायची, मागं रांग कितीही वाढो. घरची भाकरी आत चालती का, खुर्चीवर मांडी घातली तर चालंल का, एशी जरा बारीक करता येतो का. एकदा तिनं विचारलं, "पुढं बसल्यावर आधी दिसतं का?"

खिडकीतला माणूस म्हणाला, "मावशी, सगळ्यांना एकदमच दिसतं."

"मंग भाव येगळाले कशापायी?"

त्यानं तिकीट फाडून पुढं सरकवलं. मी तो प्रश्न पुढच्या पत्रकात घेतला. आत गेल्यावर ती अनोळखी शेजाऱ्याला भाकरी-ठेचा द्यायची, नायिकेला सासरच्या माणसांपासून सावध करायची आणि मध्यंतराला उठताना पडद्याकडं बघून "येते गं" म्हणायची.

खरा खेळ गाडीत व्हायचा. गाडी चढाला लागली की कंडक्टर तिकिटं आटोपून विचारायचा, "मावशी, मंग पुढं?" आणि मावशी न पाहिलेला अर्धा सिनेमा सांगायची. तिच्या शेवटात कुणी मरत नसे. खलनायकाला मुतखडा व्हायचा, नायक त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात न्यायचा आणि डिस्चार्ज होईपर्यंत दोघं साडू व्हायचे. सिनेमा विमानतळावरच्या सोनेचोरीचा असला, तरी शेवटी मोजणी होऊन बांधाचा तंटा मिटायचाच. गावातला एक जण तर माझ्याशी भांडला होता, की मोबाईलवर तोच सिनेमा पाहिला, पण कंपनीनं शेवट बदलून फसवणूक केलीय.

हे मला सहन होईना. लोकांना खरं कळलंच पाहिजे. 'शेवट पाहणं हा प्रेक्षकाचा हक्क आहे' असं पत्रक काढलं, आगारासमोर बसलो, सह्या घेतल्या. मावशीनंही सही केली, पण विचारलं, "समद्याचा शेवट बघावाच लागंल का रे?"

गाडी साडेसहाला सुटायला लागली. पहिल्याच दिवशी मी मावशीला घेऊन निघालो. सिनेमा ट्रक ड्रायव्हरचा होता, म्हणून कंडक्टरनं सकाळी उतरतानाच बजावलं, "मावशी, आमचा थोरला बी ट्रकवरच हाय. चार महिनं झालं, घरी न्हाई. नीट बघून सांगा."

मध्यंतराला ती सवयीनं उठली. मी हात धरून खाली बसवलं. पडद्यावर नायक दिवाळीला आईकडं निघाला होता. घाटात ट्रक दरीत गेला, आणि आई ओट्यावर बसून वाट बघत राहिली. दिवे लागले, झाडणारी बाई आली, तरी मावशी तशीच बसलेली.

"एवढंच?" ती म्हणाली.

परतीच्या गाडीत चढ लागला. कंडक्टर तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवून समोरच्या सीटवर टेकला. "आज तर आख्खा पाह्यलाय. पोचला का त्यो आईकडं?"

मागच्या सीटवरचे पुढं झुकले. मावशीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"घाटात टायर फुटला," ती म्हणाली. "त्यात उशीर झाला. आई लई वरडली. पर पोचला."

कंडक्टर माझ्याकडं वळला. "काय पुढारी, व्हय का? तुमी बी हुतात ना?"

सत्य या विषयावर मी गावोगाव बोललेलो आहे. पण तो माणूस तोंडाकडं बघत होता.

"व्हय," मी म्हणालो. "पोचला. जेवला आन् झोपला."

"पिठलं केलं हुतं आईनं," मावशी खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली.