पडद्यावर पारुबाईचे हात

तांड्यातल्या बायका ट्रॉलीत दाटीवाटीनं बसून हिंगोलीला दुपारच्या खेळाला आल्या, त्या हसत-खिदळत. पारुबाईला मात्र घाम फुटला होता. दोन वर्षांपूर्वी सिद्धेश्वर धरणाजवळ ह्याच पिक्चरचं शूटिंग झालं, तेव्हा साऱ्याजणी गर्दीत उभ्या राहिल्या होत्या. गोष्ट तांडे बैलांच्या पाठीवर मीठ वाहत, त्या काळातली. तिच्यातली विधवा पुन्हा शृंगार करते आणि मनाजोगत्या माणसाबरोबर निघून जाते, हे बाकी कुणाला ठाऊक नव्हतं.

पारुबाईला ठाऊक होतं. शूटिंगमध्ये त्या विधवेचं काम करणाऱ्या पोरीच्या केसांत घुगरी बांधायची होती. चांदीची घुगरी हा सवाष्णीचा दागिना. नवरा गेला की उतरतो, आणि विधवेनं तो दुसरीलाही बांधायचा नाही. पारुबाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेकीच्या, निलमच्या लग्नात आपल्याला लांब उभं राहावं लागणार, हे तिला आत कुठंतरी जाळत होतं. निदान परक्या पोरीला तरी बांधू, म्हणून ती पुढं झाली. नुसते हात दिसतील, असं पिक्चरवाले म्हणाले. नुसते हात! त्या शहाण्यांना काय ठाऊक, तांड्यात बाईला तोंडाआधी गोंदणावरून ओळखतात. आणि पारुबाईला ठाऊक असून ती तेव्हा विसरली.

पडद्यावर ते हात आले. मनगटावरचे मोर, नवऱ्याचं नाव, सगळं ढळढळीत. लग्नाच्या खरेदीला आलेली पुरुषमंडळीही खेळाला बसली होती. त्यांतला धाकटा दीर नेमसिंग, तांड्याचा नायक म्हणजे मुखिया, ताडकन उठला. पुढच्या रांगेतले निलमचे होणारे सासरे रामजी बाहेर गेले. त्यांच्यामागे सगळेच गेले.

थेटरच्या आवारात, ट्रॉलीपाशीच पंचायत बसली.

"वयनी," नेमसिंग दबक्या आवाजात म्हणाला, "पिक्चरवाल्यायनं जबरदस्ती केली म्हणा. मिटून जाईल. न्हाई तर रामजीबाबा सोयरीक मोडून राहिले."

पारुबाईनं निलमकडं पाहिलं. पोरीसाठी एवढं खोटं कुणीही बोललं असतं. तीही बोलणारच होती, तोंडही उघडलं.

"जबरदस्ती न्हाई केली कोणी," तिच्या तोंडून निघालं. "लेकीला बांधायची बंदी. म्हणून त्या पिक्चरच्या पोरीला बांधली."

"अशा घरची पोरगी आमी काहून करावी?" रामजी म्हणाले.

निलम पुढं आली. आईकडं पाठ करून खाली मातीत बसली, डोक्यावरची ओढणी मागं सारली. तिच्या लग्नाची घुगरी सकाळीच सोनाराकडून आणली होती, नेमसिंगच्या पिशवीत होती.

"काका, घुगरी द्या," ती म्हणाली. "याडी, तू बांध. तुह्या हातची असंल तरच घालीन."

रामजी बसस्टँडकडं चालू लागले. नेमसिंगनं घुगरी पारुबाईच्या ओटीत टाकली आणि तो त्यांच्यामागं धावला.

पारुबाईनं केस हातात घेतले. शूटिंगला पहिल्याच वेळी बसलेली गाठ आता काही केल्या बसेना.

"होऊ दे सावकाश," निलम म्हणाली. "मी बसली हाये."