शेवळांना नावं ठेवणारा मामा

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत असं एकही घर नसेल, जिथं आमच्या फोटोमामानं आधी पोटभर जेवून मग घरच्या बाईचा अपमान केलेला नाही. हा माझा सख्खा मामा नव्हे. आईनं मानलेला भाऊ. पण त्याच्यामुळे झालेला मनस्ताप मात्र सख्ख्यांच्या वर. शहापुरात त्याचा फोटो स्टुडिओ आहे, आणि गेली चाळीस वर्षं तो लोकांचे फोटो काढतो, म्हणजे लोकांशी भांडतो. कसाऱ्याच्या एका लग्नात स्टेजवर नवरा-नवरी ताटकळत उभी, आणि हा मांडवामागे वरणाच्या टोपाशी नवरीच्या आईचा फोटो काढत बसलेला. तिनं जेवणवाल्याला झापायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात यानं बटण दाबलं. अल्बम आला तेव्हा त्या घरात जो गोंधळ झाला, त्यातून मीच त्याला मोटारसायकलवर घालून पळवून आणला, आणि वाटेत हा मलाच म्हणतो, "वरण बाकी झकास व्हतं रे!"

"जरा हसा" हे शब्द त्यानं जन्मात कुणाला म्हटलेले नाहीत. ज्या घरचं जेवला नाही त्या घरच्या माणसाचा फोटो तो काढत नाही. जेवायचं, तिसऱ्यांदा मागून घ्यायचं, आणि हात धुता धुता म्हणायचं, "मीठ कमी हाय." मग समोरची बाई पदर-बिदर विसरून उसळली की याचा कॅमेरा वर. मी एकदा चिडून विचारलं की हा कसला धंदा, तर म्हणाला, "पदर सावरून बसली का ती पावनी दिसते रे. मला घरातली बाय पायजे."

त्याचा स्वतःचा राग तर वेगळाच. कुणी लग्नाचा जुना ग्रूप फोटो घेऊन आलं आणि "यातला आमचा आजा तेवढा काढून मोठा करा" म्हणालं, की मामाचा आवाज बाहेर एसटीच्या थांब्यापर्यंत जायचा. "जिता व्हता तेवा कुठं व्हतात तुमी? आता दुसऱ्याच्या खांद्यासकट टांगणार त्याला भितीवर?" आणि हल्ली आजोबांना संगणकावर कोट-टाय चढवून देतात ना, त्या दुकानांचं नाव काढलं तरी त्याची कानशिलं तापतात. "आख्खी हयात चिखलात भात लावला मानसानं. मेल्यावर टाय कशाला?" गिऱ्हाईक निघून जायचं. हा मात्र तासभर रिकाम्या खुर्चीशी भांडत राहायचा.

पण त्यानं आमच्या आईशी जे केलं ते मी अजून विसरलेलो नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेवळं ही आमच्याकडची रानभाजी, पावसाच्या तोंडावर आठ-पंधरा दिवस मिळते, आणि तिच्यात काकडाची आंबट फळं वाटून बेतानं घातली नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका. त्यामुळे आमच्या भागात बाईला काय वाटेल ते बोला, तिची शेवळं खाजतात असं बोलू नये. आईची शेवळं तर धसईच्या बाजारात शेवळं विकणाऱ्या बायका चाखायला मागायच्या. मामा आला, दोन ताटं जेवला, बोटं चाटली, आणि म्हणाला, "खाजतात गो बाय."

आई चुलीपासून डाव घेऊनच उठली. "खाजतात? माझी शेवळं खाजतात? दोनदा मागून घेतलीस तेवा नाय रे खाजली मेल्या?" झाला फोटो! कमरेला खोचलेला पदर, कपाळाला चिकटलेली बट, उगारलेला डाव, अर्धं उघडं तोंड. आणि हा माणूस एवढ्यावर थांबला नाही. त्यानं तो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला. शहापूरला गेलेला गावातला प्रत्येक माणूस तो बघून आला. आईनं त्या वर्षी राखी बांधली, पण गाठ अशी आवळली की मामाचा हात संध्याकाळपर्यंत सुजला. शेवटी तो फोटो घरी आला, आणि बाबांनी कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला.

गेल्या माघात आई गेली. दहाव्यासाठी फोटो हवा म्हणून मी आणि बहिणीनं दोघांचे मोबाइल पालथे घातले. शेकडो फोटो! एकात आई शाळेच्या रांगेत उभी असल्यासारखी ताठ, दुसऱ्यात तिच्यापुढे कुणाचा तरी हात, तिसऱ्यात मोबाइलनंच परस्पर गोरी करून टाकलेली. एका दुकानात दिला, तर त्यांनी शालू नेसवून, मागे निळं आभाळ घालून दिला. बहीण म्हणाली, "ही कोण बाई?" आणि रडायला लागली. मी उठलो आणि कपाट सरकवलं.

नातेवाईक भडकले. मयताच्या घरात असला फोटो लावतात का, म्हणाले. आम्ही लावला. हारानं डाव झाकला जात होता म्हणून बहिणीनं हार आखूड केला. भेटायला येणारी माणसं दारातच थबकायची, आणि आमच्या एका चुलत्यानं तर, आई ओरडेल म्हणून की काय, मागे जाऊन आपल्या चपला सरळ लावून ठेवल्या. मामा आला. पुष्कळ वेळ बघत राहिला आणि "फ्रेम वाकडी हाय" एवढंच बोलून निघून गेला. याचाही मला रागच आला.

परवा शेवळं आली. बहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा केली आणि मामाला मुद्दाम बोलावलं. पहिल्याच घासाला माझा घसा पेटला. काकडं कमी पडली होती. बहीण हातात डाव घेऊन उभी, तिलाही खोकला आलेला. मामानं पहिली वाढ संपवली, दुसरी मागून घेतली, ती संपवली. आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडे बघत होतो. बोल की आता!

"कशी झालीत मामा?"

"बेस झालीत गो पोरी."

"खाजत नायत?"

"नाय."

असा संताप झाला माझा! माझ्या आईच्या सोन्यासारख्या भाजीला जन्मभर नावं ठेवली, आणि आता खरोखर घसा सोलवटतोय तर हा माणूस बेस म्हणतो! "मामा," मी म्हणालो, "निदान आईसमोर तरी खोटं बोलू नको."

डोळ्यांतलं पाणी मामानं मनगटानं पुसलं आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की आल्यापासून तो आईच्या फोटोकडे पाठ करून बसला होता. आणि कॅमेरा त्यानं आणलेलाच नव्हता.

मी माझं ताट उचललं, त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि बहिणीला म्हणालो, "मलापण वाढ अजून."