आत्याची प्रार्थना मी वाचायचे

माझ्या आत्याचा आवाज ऑपरेशन करून काढून टाकला.

स्वरयंत्राचा कॅन्सर होता. दुसरा इलाज नव्हता. कागदावर तिने स्वतः सही केली.

सुलतान बाजारात एका साड्यांच्या दुकानात तिने एकतीस वर्षं काउंटर सांभाळला. गिऱ्हाइकाशी तेलुगू, हिंदी, दख्खनी, जे लागेल ते.
देवीशी मात्र मराठी.

ती आमच्याकडेच राहायची, हिमायतनगरला. माझ्या बाबांची मोठी बहीण. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही.

रोज संध्याकाळी दिवा लावून तुळजाभवानीच्या फोटोसमोर बसायची आणि मोठ्याने बोलायची. मंत्र नाही, आरती नाही. शेजारणीशी बोलावं तसं.

"आई, आज एका बाईने चाळीस साड्या उलगडायला लावल्या आणि एकही घेतली नाही. तिला बुद्धी दे. मला पण दे, मी मनात शिव्या दिल्या."

मी पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून बसायचे. माझा देवावर विश्वास नव्हता. भांडणही नव्हतं.

ऑपरेशननंतर गळ्याला भोक. श्वास तिथून. बोलणं कायमचं बंद.
बाबांनी दोनशे पानी वही आणून दिली.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिने अर्धं पान लिहिलं आणि वही बाबांपुढे धरली. फोटोकडे बोट दाखवलं. मोठ्याने वाच.
बाबा दुसऱ्या ओळीला रडायला लागले.
तिने वही काढून घेतली आणि माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, "आत्या, देवीला वाचता येत असेल ना. नुसती वही समोर धर."

तिने लिहिलं, "तिला येतं. मला ऐकायचंय."

मग मी वाचायला लागले. रोज.

मी इंग्लिश मीडियमची. शाळेत हिंदी होतं म्हणून अक्षरं ओळखते, पण मराठी वाचताना गाडी अडकते. चुकलं की आत्या माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायची.

एकदा लिहिलं होतं, "आई, जीभ ठेवलीस आणि आवाज नेलास, ही कुठली रीत? मी तुझं काय वाकडं केलं होतं?"

मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये रिपोर्ट वाचावा तसं वाचलं.
तिने पेन उचललं. "इतकं थंड नक्को वाचू. मी भांडतेय."

पुन्हा वाचलं. यावेळी जरा वरच्या आवाजात. तिचं समाधान झालं.

ऑपरेशनला पाच महिने झाले असतील, तेव्हा माझी नोकरी गेली.

घरात सांगितलं नाही. आधीच सगळे परेशान होते. रोज डबा घेऊन निघायचे, बस पकडून तारनाक्याला जायचे, युनिव्हर्सिटीच्या आवारात झाडाखाली बसून अर्ज पाठवायचे. सहाला परत.

तीन आठवडे असं चाललं.

मग एका संध्याकाळी मी वही उघडली आणि वाचायला लागले.

"आई, चित्राची नोकरी गेली आहे. ती सांगत नाही, मी विचारत नाही. सकाळी जाऊन कुठेतरी बसते. तिला सावलीत जागा मिळू दे."

पुढे दोन ओळी होत्या. मला वाचता आल्या नाहीत.
आत्याने टिचकी मारली नाही.

नंतर मी विचारलं, "तुला कसं कळलं?"
तिने लिहिलं, "चपलांना रोज लाल माती. ऑफिसात माती कुठून?"

दीड महिन्याने दुसरी नोकरी लागली. देवीने दिली का? माहीत नाही. इंटरव्ह्यू मी दिला होता. पण त्या दिवशी आत्याने लिहिलेले आभार मी न अडखळता वाचले.

मग आजार फुप्फुसात गेला.
डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा.

शेवटच्या आठवड्यात तिच्या बोटांत पेन राहीना. मी धरून दिलं, तरी कागदावर नुसती रेघ उमटायची.

एका संध्याकाळी बाबा औषध आणायला खाली गेले होते. तिने फोटोकडे बोट केलं, मग माझ्याकडे.

"काय वाचू? पान कोरं आहे."

तिने पुन्हा माझ्याकडेच बोट केलं. तू बोल.

"आत्या, मला नाही येत गं."

ती वाट बघत राहिली. दर श्वासाला पूर्ण छाती उचलली जात होती. घरघर ऐकू येत होती.

मी हात जोडले. कुणाकडे बघायचं कळेना, म्हणून डोळे मिटले.
"तिला बरं कर" असं म्हणणार होते. तोंडातून निघेना. ते होणार नाही हे आम्हा दोघींना माहीत होतं.

मी म्हटलं, "आई, हिला श्वास घेता येत नाहीये. माझ्याने बघवत नाही. आता हिला ने. लवकर ने."

बोलून गेले आणि घाबरले. जिवंत माणसासमोर मी त्याचं मरण मागितलं होतं.

डोळे उघडले. आत्या माझ्याकडे बघत होती.
तिने मान हलवली. हौ.

मग माझा हात ओढून छातीवर ठेवला आणि तसाच धरून ठेवला, बाबा वर येईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. बाबा तोंड पुसायला ओला कपडा आणायला उठले होते, तेवढ्यात.

आज वर्ष झालं. त्या संध्याकाळी मी काय मागितलं, हे बाबांना आजवर सांगितलं नव्हतं. ते ही पोस्ट वाचतील.

बाबा, ती नाराज नव्हती.

आत्या, तुला नमस्कार.