रंगवलेल्या साखळ्या

माझ्या आत्याने तीस वर्षं सायकलदुरुस्तीचं दुकान चालवलं. "बाईमाणसाला जमेल का?" असं विचारणाऱ्याला ती त्याचीच सायकल ढकलत घरी पाठवायची. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दुकान माझ्या भावाकडे सोपवून ती बागेत जायला लागली आणि तिथे तिला तबकडीचं वेड लागलं. लांबून तबकडी फेकायची, खांबाला टांगलेल्या साखळ्यांनी ती अडवायची आणि ती खालच्या टोपलीत पडली पाहिजे. अशा नऊ टोपल्या, कमीत कमी फेकींत.

आमच्या बागेत पाय ठेवायला जागा नसते. धावणारे, बाळगाड्या, कुत्री, फोनवर भांडणारे. आत्या प्रत्येक फेकीआधी "तबकडी येतेय!" अशी आरोळी ठोकते आणि वाट मोकळी होईपर्यंत थांबते, कधी पाच-पाच मिनिटं. सहा वर्षांत तिच्या हातून कुणाला ओरखडाही आला नव्हता.

मग मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून बागेच्या कार्यालयाला झटका आला. बाकं रंगवली, कुंपण रंगवलं आणि उरलेला हिरवा ऑइलपेंट नऊही टोपल्यांच्या साखळ्यांना फासला! कड्या एकमेकींना चिकटल्या, साखळ्या गजासारख्या ताठ झाल्या. दुसऱ्या दिवशी आत्याची तबकडी त्यांच्यावर आपटून बाजूला उसळली आणि बाकावरच्या एका गृहस्थांच्या कपाळाला टेंगूळ आलं. आत्याने दहादा माफी मागितली, रुमाल ओला करून लावला. तरी तिसऱ्या दिवशी फाटकावर कागद लागला: खेळ धोकादायक आहे, सोमवारी टोपल्या काढण्यात येतील.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी! आत्याला तर दोन दिवस घास गोड लागला नाही. शनिवारी तिने दुकानातून थिनर आणि तारेचा ब्रश उचलला आणि सातव्या टोपलीची एकेक कडी घासून काढली. संध्याकाळी तिच्या बोटांची सालं निघाली होती.

सोमवारी बागेचे अधीक्षक दोन कामगार आणि नट खोलायचे पाने घेऊन आले.

"साहेब, सायकलच्या साखळीला काय घालतात?" आत्याने विचारलं.

"तेल."

"मग ह्यांना रंग कुणी घातला?"

"अहो बाई, गंजतात त्या. लोखंड दिसलं की रंगवायचं, नियम आहे."

"नियम राहू द्या. ही घ्या तबकडी, मारा त्या सहावीवर."

साहेबांनी मारली. ठण्! तबकडी परत आली आणि त्यांच्याच नडगीवर बसली. कामगार तोंड फिरवून हसले. मग आत्याने त्यांना सातवीसमोर उभं केलं. साखळ्या खळखळल्या आणि तबकडी टोपलीत पडली. साहेबांनी कुणी न सांगता आणखी दोनदा फेकून पाहिली.

"टोपल्या राहू द्या," ते कामगारांना म्हणाले. आत्याचे डोळे भरून आले. साहेबांनी वही काढून काहीतरी लिहिलं, तिने मान वाकवून वाचलं: 'क्रमांक सातचा रंग गेला आहे. तातडीने लावणे.'

आत्याने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'साखळ्यांना रंग लावू नये. उरलेल्या आठांचा रंग कार्यालयाने काढून द्यावा.'

"करा सही," ती म्हणाली. सही झाल्यावर तिने तारेचा ब्रश साहेबांच्या हातात ठेवला.