जेवणाच्या वेळी येऊ नका

खुब्याच्या ऑपरेशननंतर यांना उचलून बसवणं मला जमेना, म्हणून आम्ही यांना जुळे सोलापुरातल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. हे एसटीत ड्रायव्हर होते. आता कंपवातानं हात थरथरायचे, घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा सांडायचा. तिथली व्यवस्थापक आमच्या शेजारची पोर, माझ्या डोळ्यांदेखत मोठी झालेली. म्हणूनच ती जागा निवडली.

सुरुवातीला मी रोज दुपारी रिक्षानं जायची. दुधात कुस्करलेली भाकरी चमच्यानं भरवायची. तासभर लागायचा. एकदा तिनं मला बाजूला घेतलं.

"काकू, जेवणाच्या वेळी येऊ नका. काकांना तुमची सवय लागलीय. आमच्या बायका भरवतील की. तुम्ही चारनंतर या, निवांत गप्पा मारा."

पोर माझी काळजी करते असंच मला वाटलं. मी चारनंतर जाऊ लागले.

हळूहळू यांचे गाल आत गेले. मनगटावरचं घड्याळ कोपराकडं घसरायला लागलं. विचारलं की ती म्हणायची, "वयामुळं उतरतं वजन, काकू. जेवण व्यवस्थित आहे त्यांचं."

शेवटी यांनाच विचारलं. हे मोहोळकडचे, बोलणं अजून तिकडचंच.

"ताट लवकर उचलत्यात," हे म्हणाले. "माजा हात पोचंपर्यंत जातंय."

दुसऱ्या दिवशी न सांगता भर दुपारी गेले. यांच्यापुढं ताट होतं. शेजारी कुणी नव्हतं. यांनी चमचा उचलला, आमटी छातीवर सांडली. पुन्हा उचलला. तेवढ्यात एक बाई आली आणि भरलं ताट घेऊन गेली.

मी तशीच ऑफिसात शिरले. "भरवतात म्हणालीस ना?"

"दोनच बायका आहेत, काकू. कुणाकुणाला भरवणार?"

"मग मला का अडवलंस?"

ती टेबलाकडं बघत म्हणाली, "तुम्हाला बघून बाकीच्यांचे नातेवाईक विचारायचे, आमच्या माणसाला कोण भरवतं म्हणून."



आता मी दोन्ही वेळा जाते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं मऊ, तूप घातलेलं, थोडं थोडं पण सारखं देते. वजन उतरायचं थांबलंय, किंचित वाढलंय. गालांवर मात्र अजून काही दिसत नाही.

परवा ती खुर्ची घेऊन आली. "काकू, अजून राग आहे का?"

"यांच्या तोंडात घास आहे," मी म्हणाले आणि पुढचा चमचा भरला.